काळ्या सुरीचा इतिहास

बकरी ईदच्या आधी आठवडाभर आमच्या घरी एक काम ठरलेले असे. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली यायची. जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळलेल्या सुऱ्या एकेक करून बाहेर निघायच्या. त्यांत दादीची एक सुरी होती. वीतभर पाते, लाकडी मूठ आणि पात्याचा रंग काळा. सगळीकडे सारखा काळा नव्हे. धारेजवळ राखाडी, मधल्या भागात निळसर, मुठीशी तपकिरी.

मी तेव्हा आठवीत होतो. ईदसाठी सगळे घर घासूनपुसून लख्ख होत असताना ही एकच वस्तू मळकट राहते, हे मला बघवेना. दुपारी सगळे झोपले असताना मी राख, विटेचा चुरा आणि काथ्या घेऊन मोरीत बसलो. दोन तास घासले. पाते आरशासारखे चमकू लागले. शाबासकीच्या अपेक्षेने मी सुरी दादीपुढे धरली. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "काला नै था बेटा वो, पका हुवा था."

पावसाळ्याचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी त्या चकचकीत पात्यावर तांबूस ठिपके उमटले. पाचव्या दिवशी बोट फिरवले की गंजाची भुकटी बोटाला लागायची. जी सुरी तीस-चाळीस वर्षे गंजली नव्हती, ती मी स्वच्छ केल्यावर आठवड्याच्या आत गंजली.

दादीने मग ती पुन्हा 'पकवली'. राखेने गंज काढला. साबणाने तेलकटपणा धुतला. चहाच्या पत्तीचा काढा उकळून त्यात अर्धे लिंबू पिळले. त्यात भिजवलेले फडके पात्याभोवती गुंडाळून तिने जरा वेळ ठेवले. फडके सोडले तेव्हा पात्यावर ढगांसारखे काळे-निळे डाग पडले होते. धुतले, चुलीच्या उबेवर कोरडे केले, गोडेतेलाचा हात फिरवला. असे तीन वेळा केले. ईदच्या दिवशी सुरी पुन्हा काळी होती आणि तिची धार शाबूत होती.

त्या वेळी ही मला म्हातारीची युक्ती वाटली. पुढे इतिहास वाचू लागल्यावर कळले की या युक्तीचे धागे बगदाद, इस्फहान, निजामाबाद आणि मुंबईपर्यंत जातात.

एक गंज दुसऱ्या गंजाला अडवतो

आधी रसायन समजून घेऊ. ते अवघड नाही.

लोखंडाला हवा आणि पाणी लागले की तांबडा गंज चढतो. हा गंज भुसभुशीत असतो. तो फुगतो, सुटतो, खालचे नवे लोखंड उघडे पाडतो आणि तेही खातो. पण लोखंडाचा दुसराही एक ऑक्साइड आहे, काळा. त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो घट्ट असतो आणि पात्याला चिकटून राहतो. त्याचा पातळ थर बसला की तांबड्या गंजाची चाल मंदावते. पूर्ण थांबत नाही, म्हणून सुरी कोरडी ठेवणे आणि तेलाचा हात फिरवणे चुकत नाही.

हा थर दोन वाटांनी येतो. एक वाट वापराची. कांदा, कैरी, लिंबू, मांस वर्षानुवर्षे कापत राहिले की तो आपोआप बसतो. दुसरी वाट घाईची. सौम्य आम्ल लावून तो मुद्दाम आणायचा. पाश्चात्त्य घरांत त्यासाठी कोमट व्हिनेगर वापरतात, मोहरीच्या चटणीचे ठिपके देतात, कडक कॉफीत पाते बुडवतात, कच्च्या बटाट्यात सुरी खुपसून ठेवतात. आपल्याकडे चिंचेचा कोळ, आमसूल, कैरीची फोड, आवळा हे सगळे हाताशी असते. कच्चे केळे किंवा केळफूल चिरल्यावर विळीचे पाते काळे पडते, हे तर प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे.

दादीच्या काढ्यात दोन गोष्टी होत्या. लिंबाचे आम्ल लोखंडाचा अगदी पातळ थर विरघळवते. चहातले टॅनिन त्या विरघळलेल्या लोखंडाला पकडते आणि काळा-निळा संयुग तयार होतो. डोक्याला लावायची मेंदी रात्रभर लोखंडी कढईत चहाच्या काढ्यात आणि आवळ्याच्या भुकटीत भिजवतात आणि सकाळी ती काळी होते. तीच ही क्रिया.

शाईही अशीच बनत असे. मायफळ, जे आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात, आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचे सल्फेट, एकत्र केले की काळी शाई होते. अरबी लेखनपरंपरेत काजळापासून केलेल्या शाईला 'मिदाद' आणि मायफळ-हिराकसाच्या शाईला 'हिब्र' म्हणत. पुढे हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले. कातिबाच्या दौतीत आणि दादीच्या सुरीवर एकच काळा रंग होता.

प्रमाण चुकले तर दोन्हीकडे नुकसानही सारखेच. हिराकस जास्त झाले की शाई कागद खाते. अनेक जुनी हस्तलिखिते अक्षरांच्या जागीच छिद्रे पडून गेली आहेत. पात्यावर आम्ल रात्रभर राहिले तर तेही असेच खड्डे पाडते. म्हणून दादी फडके काही मिनिटांत सोडायची.

तलवारीचे पाणी

आता घरातून बाहेर पडू.

'पोलाद' हा आपला रोजचा मराठी शब्द फारसी 'पूलाद'वरून आला. अरबीत त्याचा 'फूलाध' झाला. फारसीत चांगल्या तलवारीला 'आबदार' म्हणतात, म्हणजे पाणी असलेली. आपणही 'पाणीदार' म्हणतो आणि माणसाचे पाणी जोखतो. या पाण्याचा एक अर्थ तापवलेले पाते पाण्यात बुडवून त्याला कडकपणा देणे. दुसरा अर्थ डोळ्यांना दिसणारा. उत्तम पोलादाच्या पात्यावर लाटांसारखी, मुंग्यांच्या रांगेसारखी नक्षी दिसे. अरबीत तिला 'फिरिंद' आणि पुढे फारसी-उर्दूत 'जौहर' म्हणू लागले. राजपुतान्यातल्या जोहाराशी या शब्दाची गल्लत करू नये. इथे जौहर म्हणजे सत्त्व, आतला गुण.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या तत्त्वज्ञाने तलवारींवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो अब्बासी खलिफा अल-मुअतसिम याच्यासाठी होता, ज्याची कारकीर्द ८३३ ते ८४२ अशी होती. गणित, संगीत, औषधे यांवर लिहिणाऱ्या या माणसाने लोखंडाचे दोन वर्ग केले: खाणीतून निघणारे आणि माणसाने घडवलेले. घडवलेले म्हणजे पोलाद. यमनी, हिंदी, सरनदीबी अशा तलवारी त्याने जातवार लावल्या आणि त्यांची पारख करताना फिरिंदीचे वर्णन केले. अकराव्या शतकात अल-बिरूनीने रत्नांवरच्या ग्रंथात लोखंडाला जागा दिली.

अरबीत हिंदी पोलादाच्या तलवारीला 'मुहन्नद' असा शब्दच आहे. तो 'हिंद'वरून बनला. काब बिन जुहैर या सहाबी कवीने आपल्या प्रसिद्ध कसिद्यात पैगंबरांना (स.) मुहन्नदची उपमा दिली. म्हणजे सातव्या शतकातल्या अरबस्थानात हिंदचे पोलाद हे उत्तमतेचे माप होते आणि ते ऐकणाऱ्याला समजावून सांगावे लागत नव्हते.

पण ही नक्षी घडवलेल्या पात्यावर थेट दिसत नाही. पाते घासून गुळगुळीत केले की ते नुसते पांढरे चमकते. नक्षी दिसण्यासाठी त्याला आम्लाचा हात द्यावा लागतो. या पोलादात कर्बाचे प्रमाण साधारण दीड टक्का असते. घडवताना त्यातले कठीण कार्बाइड रांगांमध्ये जमा होते. आम्ल लागले की आजूबाजूचा भाग काळा पडतो आणि कार्बाइडच्या रांगा उजळ राहतात. त्यासाठी वापरत ते जाज, म्हणजे हिराकसाच्या कुळातले क्षार. सतराव्या शतकात इराण आणि हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने लिहून ठेवले आहे की इराणी कारागीर हे काम अशा क्षाराने करतात, आणि हे फक्त एका पोलादावर साधते. ते पोलाद गोवळकोंड्याहून येते.

दादीने लिंबू-चहाने जे केले तेच इस्फहानचा कारागीर जाजने करत होता. फरक एवढाच की त्याच्या पात्यात दाखवण्यासारखी नक्षी होती.

नांदेडच्या पलीकडे

ताव्हर्नियेने म्हटलेले गोवळकोंड्याचे पोलाद ज्या प्रदेशात बनत होते तो मराठवाड्याला लागून आहे. निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे त्यातले नाव झालेले गाव. नांदेडहून निजामाबाद फार लांब नाही. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा आणि ते गाव एकाच निजामी राज्यात होते. हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पोलादाची भट्टी पाहून तिचे वर्णन लिहिले. त्याला तिथे इराणी व्यापारी माल खरेदी करताना भेटला. इस्फहानचा माणूस तेलंगणातल्या खेड्यात बसून पोलादाच्या गोळ्या निवडत होता.

दक्षिणेतल्या भट्ट्यांची जी वर्णने उपलब्ध आहेत त्यांवरून पद्धत कळते. भाताच्या तुसाने मळलेल्या मातीची मूस करायची. तिच्यात लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या काटक्या आणि रुईची पाने घालायची. तोंड मातीने लिंपायचे आणि मुशी भट्टीत तासन्‌तास तापवायच्या. बंद मुशीत लाकूड-पाल्यातला कर्ब लोखंडात मुरतो आणि लोखंड वितळते. मूस सावकाश थंड करून फोडली की आत मुठीएवढी पोलादाची वडी. तरवड आणि रुई आपल्याकडच्या माळरानावर कुठेही दिसतात. जगप्रसिद्ध तलवारींचा मसाला हा असा बांधावरचा होता.

हे पोलाद कोणाचे? या प्रश्नावर हल्ली दोन घाईची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, दमास्कसची तलवार हे इस्लामी जगाचे कर्तृत्व. दुसरे म्हणते, हे सगळे प्राचीन भारताचे होते आणि बाहेरच्यांनी नाव लाटले. दोन्ही उत्तरे माझ्या आठवीतल्या काथ्यासारखी आहेत. घासताना खूप काही निघून जाते.

पुरावे सांगतात की तमिळनाडूत कोडुमणलसारख्या ठिकाणी मुशीतल्या पोलादाचे काम इस्लामच्या आधी कित्येक शतके होत होते. पुरावे हेही सांगतात की नवव्या-दहाव्या शतकात मर्वमध्ये, आजच्या तुर्कमेनिस्तानात, अशा पोलादाचा कारखाना होता. दख्खनच्या खेड्यातल्या लोहाराने वडी केली. व्यापाऱ्यांनी ती तांड्यांवर आणि जहाजांवर चढवली. इराणच्या कारागिराने तिचे पाते घडवले आणि जाजने तिचा जौहर उघडा केला. यांतला एक जरी हात वगळला तर ती तलवार तयार होत नाही. दमास्कसचे नाव तिला का लागले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तिथे बनल्यामुळे, तिथे विकल्यामुळे, की पाण्याच्या नक्षीमुळे, हा वाद चालू आहे.

याच पट्ट्यात बिदरी काम जन्मले. तिथे धातू लोखंड नव्हे, जस्त आणि थोडे तांबे. त्यावर चांदीची तार बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात कालवून चोळतात. जस्त गडद काळे होते, चांदी पांढरीच राहते. काळेपणा मुद्दाम आणायचा आणि त्यावर उजळ रेष उठवायची, ही दख्खनची जुनी नजर आहे.

मुंबईहून लंडनला

१७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे या पोलादाचे नमुने धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांचा त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते आणि त्याला 'वूट्झ' म्हणतात असे छापले गेले. मुंबईत ते बनत नव्हते. मुंबईहून फक्त पेटी निघाली होती. 'वूट्झ' हा शब्दही कानडी-तेलुगूतल्या 'उक्कू'चे बिघडलेले रूप मानला जातो. जिथे पोलाद बनले ते गाव आणि ज्याने बनवले तो लोहार, दोघेही त्या निबंधाच्या नावातून बाहेर राहिले.

पुढची तीस-चाळीस वर्षे युरोपातले मोठे लोक या वडीच्या मागे होते. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने १८१९ मध्ये तिचे पृथक्करण केले आणि जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-अवजारे बनवणाऱ्या कारागिराबरोबर नवनवे मिश्रधातू करून पाहिले. पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआँने नक्षीचे मूळ कर्बात असल्याचे दाखवले. रशियात उरल पर्वतातल्या झ्लातोउस्त इथे पावेल अनोसोव याने १८४१ मध्ये आपल्या प्रयोगांचा ग्रंथ छापला. याच शोधातून आधुनिक धातुशास्त्राला मोठी चालना मिळाली.

आणि याच शतकात दख्खनच्या भट्ट्या विझल्या. कारण एक नव्हते. कारखान्यांतले स्वस्त विलायती पोलाद बाजारात आले. बंदुकीने तलवारीची गरज संपवली. जंगले सरकारी झाली आणि कोळसा महागला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजी मुलखात हत्यार परवान्यावर आले. भट्टी बंद पडल्यावर लोहाराने मुलाला ती विद्या शिकवण्याचे कारण उरले नाही. लिहिलेले कोणाकडे काहीच नव्हते. १९९८ मध्ये अमेरिकेत जॉन व्हेरहोवन हे धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी दाखवून दिले की लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश असल्याशिवाय ती नक्षी नीट उठत नाही. दख्खनच्या लोहाराला व्हॅनेडियम हे नाव माहीत असणे शक्य नव्हते. कोणत्या खाणीचे लोखंड घ्यायचे, हे मात्र त्याला माहीत होते.

डाग न पडणारी सुरी

व्हिनेगर आणि लिंबाचा या इतिहासात आणखी एक मुक्काम आहे. इंग्लंडातल्या श्रीमंत घरांत फळे आणि मासे खाण्यासाठी चांदीच्या सुऱ्या ठेवत. पोलादी सुरी लिंबाने काळी पडे आणि खाण्याला लोखंडाची चव लागे. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम मिसळलेले पोलाद केले आणि त्यावर व्हिनेगर, लिंबाचा रस लावून पाहिले. डाग पडला नाही. तेच आपले स्टेनलेस स्टील. ज्या रसाने कारागीर पोलादाचा जौहर पाहत होता त्याच रसाने आता पोलाद कोरे राहते की नाही हे तपासले जाऊ लागले.

स्टेनलेसबद्दल माझी तक्रार नाही. रोजच्या घाईत ते सोयीचे आहे. पण साध्या पोलादाच्या सुरीला धार लवकर लागते, हे कोणताही खाटीक सांगेल. जबीहाच्या आदाबांत सुरी तेज हवी, जनावराला त्रास होऊ नये आणि त्याच्यासमोर धार लावू नये, ही शिकवण आहे. म्हणूनही असेल, पण आमच्या ओळखीच्या अनेक घरांत ईदची सुरी अजून जुन्या पोलादाचीच आहे.

शिकलगार

दादी गेल्यावर ती सुरी माझ्याकडे आली. दर वर्षी ईदच्या आधी धार लावणारे एक चाचा मोहल्ल्यात येतात. जातीने शिकलगार. हा शब्द अरबी 'सैकल' म्हणजे चकाकी, जिल्हई, यावरून आला. सैकलगर म्हणजे हत्यारांना जिल्हई देणारा. दख्खनच्या फौजांमागे हे लोक चालत, मग फौज कोणत्याही झेंड्याची असो. आज महाराष्ट्रात मुस्लिम शिकलगार आहेत, हिंदू आहेत आणि नांदेडला शीख सिकलीगरही आहेत. फौजा गेल्या तसे ते विळ्या, कात्र्या, सुऱ्यांवर आले. आता वापरून फेकायच्या सुऱ्या आल्यावर तेही काम आटले आहे.

चाचांना मी हा सगळा अल-किंदी आणि फॅरडेचा इतिहास एकदा सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. मग सुरी दगडावर धरली. फक्त धारेची बारीक रेघ चमकेल एवढीच लावली आणि वरच्या काळ्या भागाला दगड लागू दिला नाही. मी विचारले, "चाचा, वरचे का नाही घासत?"

"किसने पकाई ये?"

"दादीने."

"तो फिर," म्हणत त्यांनी पाते फडक्याने पुसले आणि तेलाची बाटली मागितली.

गेल्या ईदला माझ्या मुलीने नवी साधी पोलादी सुरी आणली. पांढरी, कोरी. तिने दुकानातून व्हिनेगरही आणले होते. मी तिला चहाचा काढा उकळायला सांगितले आणि लिंबू कापायला दिले. पहिल्या खेपेला डाग नीट बसले नाहीत, कारण पात्यावरचे तेल तिने धुतले नव्हते. दुसऱ्या खेपेला बसले.